पावणेदोन डॉक्टर

६ ऑक्टोबर

सकाळच्या बोटीनं पडदा आला. म्हणायला पडदा, खरं तर चाकांची एक गाडी, तिच्यावर माणसाच्या उंचीचा खांब, खांबावर टीव्हीएवढी काच आणि काचेच्या डोक्यावर कॅमेरा. धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत मी स्वतः टेम्पोत तिला धरून उभा राहिलो. पूर्वी मासळी खात्यात होतो तेव्हा बर्फाच्या पेट्या अशाच धरून आणायचो.

हे काम माझ्यामुळे झालं, म्हणून वही काढली आहे. एप्रिलमध्ये धाकटे डॉक्टर बेट सोडून गेले. तेव्हापासून कुरोसे बेटावरची एकवीसशे माणसं, दवाखान्यातल्या एकोणीस खाटा आणि डॉक्टर एकटे हिराकुरा. वय त्रेसष्ट. सहा महिने जाहिरात दिली, एक अर्ज नाही. दवाखान्याचा कचेरीप्रमुख म्हणून मीच प्रांताच्या आरोग्य खात्यामागे लागलो, नगराध्यक्षांना दोनदा बोटीत घालून पलीकडे मुख्य भूमीवर नेलं. आता रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ पलीकडच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर या काचेतून आमच्या वॉर्डावर लक्ष ठेवणार. पेशंटला हात लावायचा तो सिस्टरनी, डोकं चालवायचं ते त्यांनी. हिराकुरा डॉक्टरांनी झोपायचं.

डॉक्टरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "काय मासळीखाते, याला जेवायला काय लागतं?"

"काही नाही. वीज."

"मग माझ्यापेक्षा बरा आहे."

हेड सिस्टर ओनोदेरा मात्र हसली नाही. "डोकं त्यांचं, हात आमचे. चुकलं तर काय कापणार, डोकं की हात?" मी म्हटलं, ते सगळं करारात आहे. खरं तर करारात त्या जागी 'परस्पर विचाराने' एवढंच आहे.

१९ ऑक्टोबर

पडदा रुळला. काचेत बहुतेक दिवस डॉ. नोझाकी असतात. चौतीस वर्षांच्या, केस आखूड, बोलणं तुटक. माझ्या सासूबाई तोमे सात नंबरच्या खाटेवर आहेत, वर्ष होत आलं. काल त्यांनी संत्रं सोलून फोड कॅमेऱ्यासमोर धरली.

"घ्या की बाई. तुमच्याकडे अशी गोड मिळत नाहीत."

"आजी, माझ्या वाटची तुम्ही खा. आणि खाताना उठून बसा, नाहीतर ठसका लागेल."

"ही तर माझ्या मुलीपेक्षा ओरडते," असं म्हणून सासूबाई उठून बसल्या. बायकोला, नोबुएला, घरी हे सांगितलं तर ती रागावली आणि मग हसली.

डॉक्टर परवा सलग नऊ तास झोपले म्हणे. तरी सकाळी थकलेलेच दिसत होते. मी विचारलं तर म्हणाले, "झोपेची सवय राहिली नाही. झोपूनही दमायला होतं."

२ नोव्हेंबर

एक अडचण. महिन्यातून दोनदा बोटीनं येणारे पाहुणे डॉक्टर या महिन्यापासून बंद. आरोग्य खात्याचे ओबाता फोनवर म्हणाले, "त्सुगावासान, नव्या नियमात पडदा म्हणजे पाऊण डॉक्टर धरतात. तुमच्याकडे आता पावणेदोन आहेत. एक पुरेसा असतो त्या जागी पावणेदोन! कित्येक बेटांकडे अर्धाही नाही."

आकडा बरोबर होता. मी कागदावर शिक्का मारला.

डॉक्टरांना सांगायला गेलो. ते एका पोराच्या कानात बघत होते. बघतच म्हणाले, "पावणेदोन. त्यातला एक मी आणि पाऊण तो, की पाऊण मी आणि एक तो?"

"तुम्ही एक, डॉक्टर."

"बघा हं. लिहून ठेवा."

ते चेष्टेत म्हणाले. मी इथं लिहून ठेवलं.

२१ नोव्हेंबर

मासिक अहवाल पाठवला. 'डॉक्टरांवरील रात्रीचा भार घटला' असं लिहिलं. ओनोदेरा सिस्टरनं तो टेबलावर पाहिला आणि रात्रपाळीचं रजिस्टर आणून माझ्यासमोर आपटलं.

"हे वाचा. गेल्या आठवड्यात पडद्यानं डॉक्टरांना पाच वेळा उठवलं. पूर्वी आम्ही दोनदा उठवायचो. म्हाताऱ्या डॉक्टरांना झोपू दे म्हणून आम्ही निभावून न्यायचो. काचेतली माणसं निभावून नेत नाहीत. शंका आली की म्हणतात, हात लावून बघायला डॉक्टरांना बोलवा. त्यांचंही चूक नाही. पण भार कसा घटला हो?"

मी म्हटलं, पाच वेळा असेल, पण आता नेमक्या कारणासाठी. वाक्य बदललं नाही.

डॉक्टरांना अलीकडे समुद्र बघायची आवड लागली आहे. त्यांचं घर दवाखान्यामागच्या टेकाडावर. पूर्वी तरातरा चढायचे. आता वाटेत दोन ठिकाणी थांबून, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसतात. माणूस मोकळा झाला की असं होतं. जबडा दुखतो म्हणत होते. दातांचे डॉक्टर पुढच्या महिन्यात पलीकडून येणार, त्यांच्या यादीत मी नाव घातलं. शिवाय जेवणानंतर पोटाच्या गोळ्या चघळत असतात. मुळ्याचं लोणचं कमी करा म्हणून सांगितलं.

८ डिसेंबर

आज संध्याकाळी वॉर्डात मजा झाली. डॉक्टर पडद्याला दिवसभराचं सांगत होते, सांगता सांगता नोझाकीबाईंनी त्यांना तोडलं.

"सर, जरा कॅमेऱ्याजवळ या. घाम कशाचा येतोय?"

"हीटर जोरात आहे."

"सिस्टरना घाम नाही. त्सुगावासानना नाही. ओनोदेरा सिस्टर, सरांचा ईसीजी काढा. आत्ता."

डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं मुंडकं धरून सरळ भिंतीकडे वळवलं. "आता भिंतीला तपासा. ती मूळचीच तडकलेली आहे." सगळे हसले. मीही हसलो. ओनोदेरा सिस्टर मशीन आणायला गेली होती. ती आली तोवर डॉक्टर घरी निघून गेले होते.

रात्री माझा फोन वाजला. नोझाकी. "हा माझा स्वतःचा नंबर आहे, लिहून घ्या. कामाच्या लाइनवर हे बोलता येत नाही. त्यांना दोन दिवस इकडे पाठवा. जबरदस्तीनं पाठवा. हृदयाचं असावं असं मला वाटतंय."

"त्यांच्या जागी इथं कोण येईल?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "विचारते."

तरुण आहेत, काळजी करतात. शिवाय काचेत सगळ्यांचेच चेहरे पिवळट दिसतात. मी स्वतःला एकदा पाहिलं आहे.

१४ डिसेंबर

ओबातांचं उत्तर आलं. बदली डॉक्टर उपलब्ध नाही. बेटावर चोवीस तासांहून जास्त डॉक्टर नसेल तर नियमाप्रमाणे खाटा रिकाम्या कराव्या लागतील. म्हणजे एकोणीस म्हाताऱ्या माणसांना डिसेंबरच्या समुद्रात बोटीनं न्यायचं. सासूबाईंना.

डॉक्टरांसमोर कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "नववर्षानंतर बघू. जानेवारीत."

"नक्की ना? तारीख सांगा, मी मांडून ठेवतो."

"पंधरा मांडा."

पंधरा मांडली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

९ जानेवारी

पलीकडच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. पानभर. डॉक्टर पडद्याशेजारी हसत उभे, उजव्या हातात गाडीची मूठ घट्ट धरलेली. खाली छापलंय, 'नव्या तंत्राचा हात धरून वाटचाल'. नगराध्यक्षांनी चौकट करून दवाखान्याच्या दारात लावला. फोटो चांगला आहे, पण बोटं पांढरी पडल्यासारखी आली आहेत. छपाईमुळे असेल.

१५ जानेवारी

वारा. बोट रद्द. डॉक्टरांच्या तपासणीची नवी तारीख ६ फेब्रुवारी.

२३ जानेवारी

शाळेत फ्लू. डॉक्टर दिवसाला ऐंशी पेशंट बघताहेत, बसूनच बघतात. सहा तारखेचं काय विचारलं तर म्हणाले, "या गर्दीत? आत्ता नको हो." मी आग्रह केला नाही. इथं लिहितो, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार: करायला हवा होता असं वाटलं आणि केला नाही.

१ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

तिसऱ्या दिवशीही बोट नव्हती, बाहेर आडवा बर्फ. सकाळी अकरा वीसला ओपीडीतून ओनोदेरा सिस्टरची हाक आली. डॉक्टर खुर्चीतून खाली घसरले होते. समोर बाई मांडीवर मूल घेऊन तशीच बसलेली. सिस्टर, धाकटी सिस्टर आणि मी, आम्ही तिघांनी उचलून त्यांना तपासायच्या खाटेवर घेतलं. शुद्धीवर होते. रंग मेणासारखा. "दुपारच्या लोकांना घरी पाठवा," मला म्हणाले.

मी पडदा ढकलत आणला आणि बटण दाबलं. काचेवर अक्षरं आली: सेवेची वेळ १८.०० ते ८.००. दिवसा आमच्याकडे डॉक्टर असतो, म्हणून दिवसाची लाइन करारात नव्हती. तो करार मी वाचला होता, त्यावर सही माझी होती. ओबातांच्या कचेरीत फोन केला. वरिष्ठांची परवानगी घेऊन लाइन उघडतो म्हणाले.

मग नोझाकींच्या नंबरावर लावला. तिसऱ्या घंटेला उचलला. "कोण? हिराकुरा सर? फोन मोठ्या आवाजावर टाका. सिस्टर, ईसीजी." पट्टीचा फोटो मी माझ्या मोबाइलवरून पाठवला. डॉक्टर म्हणाले, "मलाही दाखवा." सिस्टरनं धरली. त्यांनी दुसऱ्या कुणाची असावी तशी ती नीट वाचली. "हं. चांगला मोठा झटका आहे. नोझाकीबाई, तुमचं बरोबर होतं."

"सर, बोलू नका. सिस्टर, कपाटात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे?"

"एक आहे," डॉक्टरच म्हणाले. "खालच्या कप्प्यात. मी मागवून ठेवलं होतं." मग थोड्या वेळानं, "सातच्या आजींचं लघवीचं औषध आज अर्धं करा. सांगायचं राहिलं."

तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

या बर्फात हेलिकॉप्टर उडणार नाही असं पलीकडून कळवलं. इंजेक्शन दिलं. पडदा अकरा सेहेचाळीसला उघडला, सव्वीस मिनिटांनी. काचेत नोझाकींचा चेहरा आला तेव्हा डॉक्टरांचे डोळे वर गेले होते. शॉक. पुन्हा शॉक. ओनोदेरा सिस्टर छाती दाबत होती, ती दमली की धाकटी सिस्टर, ती दमली की मी. नोझाकी मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार. माझ्या तळव्याखाली बरगडी मोडल्याचं मला कळलं. मी थांबलो. "थांबू नका," काचेतून ओरडल्या. "त्सुगावासान, थांबू नका!"

दीड वाजता त्या मोजायच्या थांबल्या. आम्ही दाबतच होतो. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "सिस्टर, पुरे करा. तुम्ही काहीही कमी केलेलं नाही."

३ फेब्रुवारी

पडद्यावरून मृत्यू लिहून देता येत नाही. डॉक्टरनं प्रत्यक्ष पाहायला हवं, आणि बेटावरचा डॉक्टर खाटेवर होता. दोन दिवस टोकाच्या खोलीत ते कागदोपत्री पेशंट राहिले. खिडकी उघडी ठेवली होती, आत बर्फ यायचा. ओनोदेरा सिस्टरनं दर सहा तासांनी जाऊन तक्त्यात नोंद केली. 'बदल नाही.' सात वेळा. मी म्हटलं, राहू दे आता. ती म्हणाली, "नियम तुम्हालाच प्यारे ना?"

आज वारा पडला. बोटीनं एक डॉक्टर आले, दहा मिनिटांत सही करून त्याच बोटीनं गेले. त्यांच्या मागोमाग डॉक्टरांची मुलगी सानाए उतरली. पलीकडे शाळेत शिकवते. आई नाही, भावंड नाही. वडिलांच्या तोंडावरचा पांढरा कपडा तिनं उचलून पाहिला, परत ठेवला.

"त्यांना आधीपासून काही त्रास होता का?"

"नाही," मी म्हणालो. "अचानक झालं सगळं."

ओनोदेरा सिस्टर खोलीतून निघून गेली.

८ फेब्रुवारी

चौकशी संपेपर्यंत खाटांना चोवीस तासांच्या नियमातून तात्पुरती सूट मिळाली आहे. ओबातांनी चौकशीचा फॉर्म पाठवला आहे, सोबत भरलेला नमुना. 'आजाराची पूर्वकल्पना नव्हती. दूरसेवेशी तत्काळ संपर्क झाला. यंत्रणा शेवटपर्यंत कार्यरत होती.' फक्त शिक्का हवा.

फोनवर आवाज अगदी मऊ होता. "त्सुगावासान, असा अहवाल आला तर दिवसाचीही लाइन देता येईल. खास परवानगीनं, डॉक्टर नसतानाही खाटा कायम चालू ठेवता येतील. कुरोसे इतर बेटांसाठी नमुना होईल. नाहीतर खाटा बंद. तुमच्याच घरचं कुणी आहे ना तिथं?"

त्यांना कसं माहीत, कोण जाणे.

संध्याकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. समुद्र बघायची आवड, असं मी लिहिलंय. दातांच्या यादीत नाव घातलं. हीटर, लोणचं, छपाई. सगळं माझ्याच अक्षरात, व्यवस्थित, तारीखवार. न दिसलेलं एकही नाही. सगळं दिसलं आणि प्रत्येकाला मी दुसरं नाव दिलं.

१० फेब्रुवारी

नोबुएला सांगितलं की नमुन्यावर शिक्का मारणार नाही. ती भांडी घासत होती. नळ बंद केला.

"अहो, डॉक्टर परत येणार आहेत का त्यानं?"

"नाही."

"मग आईला कशाला पाठवता? तिथं तिचं कोण आहे? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिनं परक्या गावात मरायचं?"

एवढंच म्हणालो की डॉक्टर नसताना काचेवर वॉर्ड चालतो असं मी लिहून दिलं, तर उद्या इतर बेटांवरही तसंच करतील, आणि त्या खोट्याला शिक्का माझा असेल. ती म्हणाली, "इतर बेटांवर माझी आई नाही."

१२ फेब्रुवारी

फॉर्म मी स्वतः भरला. आठ डिसेंबरला डॉ. नोझाकींनी इशारा दिला होता. चौदाला बदली डॉक्टर नाकारला. पडद्यावरून संपर्काला सव्वीस मिनिटं लागली. रात्रीचा भार घटला हा माझा अहवाल खोटा होता. त्या दिवशी पहिला डॉक्टर मिळाला तो नोझाकीबाईंच्या खाजगी नंबरावर, कामाच्या लाइनवर नव्हे. हेही लिहावं लागलं. पोस्टात टाकण्याआधी त्यांना कळवलं. "लिहा," म्हणाल्या. "नियम मोडला म्हणून मला बोलावतील. बोलावू दे."

मग सानाएला फोन केला. "मी तुमच्याशी खोटं बोललो," असं सुरू केलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आज मला काही बोलता येणार नाही," आणि फोन ठेवला.

२ मार्च

आदेश आला. खाटा ३१ मार्चपासून बंद. आठवड्यातून एक दिवस बोटीनं डॉक्टर येईल. खात्याची चूक कुठंही नोंदलेली नाही. 'स्थानिक कचेरीच्या नोंदीत विसंगती' असं आहे.

धक्क्यावर दोघांनी माझ्याकडे पाठ फिरवली. न्हावी मात्र तोंडावर बोलला, वस्तरा मानेवर असताना. "सगळं खरं लिहिलंस म्हणे. माझ्या बापाला कुठं नेऊ आता, तेही लिहून दे." नोबुए माझ्याशी कामापुरतं बोलते.

२९ मार्च

शेवटचे सात पेशंट आज नेले. समुद्र शांत होता, एवढं एक बरं. सासूबाईंना बोटीत मळमळलं. नोबुए वाटभर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, माझ्याकडे बघितलं नाही. ओनोदेरा सिस्टरला बरोबर ये म्हटलं तर म्हणाली, वॉर्ड कोण धुणार.

मोठ्या इस्पितळाच्या दारात सानाए उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं.

"त्या काचेतल्या बाईंना भेटायचंय मला. एकटीला धीर होत नाही."

तिसऱ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली. भिंतीवर पाच पडदे, पाच बेटं. नोझाकी उठून उभ्या राहिल्या. काचेत वाटायच्या त्याहून बऱ्याच ठेंगण्या आहेत. कमरेतून वाकल्या आणि वर येईचनात.

"बसा," सानाए म्हणाली. "शाळेत मी मुलांना सांगते, पहिल्यापासून सांगा, मधलं गाळू नका. तसं सांगा."

नोझाकींनी सांगितलं. मिनिटामिनिटाचं. डॉक्टरांनी स्वतःचा ईसीजी वाचला तेही. माझं थांबणं आणि त्यांचं ओरडणं, तेही. सानाए मध्ये एकदाच बोलली. "तुम्ही मोजत होता ते त्यांना ऐकू येत असेल का?"

"माहीत नाही. मी ऐकू येतंय असं धरून मोजत होते."

मला तिथं बसवेना. उठताना कोपर टेबलावरच्या कुठल्याशा बटणाला लागलं असावं. चौथा पडदा उजळला. आमचा वॉर्ड. गाद्या गुंडाळलेल्या, खाटांच्या नुसत्या लोखंडी जाळ्या, खिडक्या सताड उघड्या. ओनोदेरा सिस्टर गुडघ्यांवर बसून लादी घासत होती. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला तिला दिसला. तिनं हात ॲप्रनला पुसले, उठली, सवयीनं केस सारखे केले आणि गाडीजवळ आली.

"कुरोसे वॉर्ड. बोला, डॉक्टर."

ती वाट बघत राहिली. पुन्हा म्हणाली, "बोला. मी इथंच आहे."